सुकतीच्या चिखलात बोटभर समुद्री ससा कसा ओळखायचा

"कितें सोदता गो बाय?" गोव्यातल्या खाडीत खुबे, म्हणजे शिंपले, काढायला बसलेल्या मावशींनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मी चिखलात उकिडवी बसून, नाक पाण्याला टेकेल इतकी वाकून, जेमतेम दोन सेंटिमीटरच्या एका मऊ गोळ्याकडे बघत होते. त्यांनीही वाकून पाहिलं, "हें कोण खाता?" म्हणाल्या आणि पुन्हा खुब्यांकडे वळल्या. मुद्दा बिनतोड होता. जे ताटात येत नाही, त्याला किनाऱ्यावर सहसा नावही मिळत नाही.

त्या गोळ्याचं शास्त्रीय नाव स्टायलोकायलस स्ट्रायटस. बिनशंखाच्या समुद्री गोगलगायींमध्ये 'समुद्री ससे' नावाचं एक कूळ आहे, त्यातला हा लहानखुरा सदस्य. डोक्यावरची वरची दोन शिंगं सशाच्या कानांसारखी उभी राहतात म्हणून ससा. स्ट्रायटस म्हणजे लॅटिनमध्ये रेघारेघांचा. क्वा आणि गेमार या दोन फ्रेंच नौदल डॉक्टरांनी 'अ‍ॅस्ट्रोलाब' जहाजाच्या सफरीनंतर १८३२ साली त्याचं वर्णन छापलं. हिंद आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पट्ट्यात तो दूरवर पसरलेला आहे. पूर्ण वाढला तर सहा-साडेसहा सेंटिमीटर, पण आपल्याला दिसतो तो बहुधा दोन-तीन सेंटिमीटरचा. समुद्री गवत, शेवाळ, उथळ पाण्यातले दगड ही त्याची वावरायची ठिकाणं.

त्याला ओळखणं अवघड नाही, पण क्रम चुकला की घोटाळा होतो. बहुतेक जण आधी रंग बघतात. मीही तेच करायचे. रंग शेवटी बघायचा असतो, हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

जायच्या आधी

पहिलं काम भरती-सुकतीचा, म्हणजे भरती-ओहोटीचा, तक्ता बघणं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या तक्त्यात मुरगाव बंदराच्या वेळा मिळतात, फोनवरही मिळतात. मुंबईला उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं; आपल्याकडे हा फरक साधारण दोन मीटरचा. म्हणजे उघडी पडणारी पट्टी अरुंद आणि वेळ थोडा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फारसं उतरत नाही, तेव्हा जाऊन उपयोग नाही. अमावास्या किंवा पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस धरावेत, आणि तक्त्यात सुकतीची उंची अर्ध्या मीटरच्या खाली असलेली वेळ निवडावी. सुकतीची जी वेळ दिली असेल तिच्या तासभर आधी जागेवर पोचायचं आणि पाणी उतरत असताना त्याच्या मागोमाग जायचं. नदीत जितकं आत जाल तितकी सुकती उशिरा लागते, हे विसरू नका. मुरगावची वेळ जशीच्या तशी धरून खाडीत गेलात तर पाणी उतरायची वाट बघत बसाल.

हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून मेपर्यंत. पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या मुखापर्यंत गोडं पाणी उतरतं, आणि या मऊ अंगाच्या प्राण्यांना ते सोसत नाही. जूनमध्ये जाऊन काही दिसलं नाही अशी तक्रार करू नये. तेव्हा समुद्राच्या जवळही जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

सामान थोडं लागतं. बंद पायांचे जुने बूट, कारण कालवांच्या कडा पाय अक्षरशः चिरतात. दहापट मोठं दाखवणारं हातातलं भिंग. तळहाताएवढी पारदर्शक डबी, मिठाईची चालते, पण साबणाचा वास पूर्ण गेलेला हवा. मिलिमीटरच्या खुणांची पट्टी. वही आणि पेन्सिल, कारण पेनची शाई पहिल्याच शिंतोड्याला पसरते. फोनला मॅक्रो सोय असेल तर बरं, नसेल तर चिमट्याने अडकवायची स्वस्त भिंगं मिळतात. हातमोजे पातळ असले तरी घ्यावेत. कारण पुढे येईल.

चिखलात पाय उचलून टाकू नका, घासत न्या. पाकट, म्हणजे आपली वागळी, चिखलात अंग झाकून पडलेली असते. पाय घासत गेलं की ती आपणहून सरकते. उचलून तिच्या पाठीवर ठेवला तर शेपटीचा काटा बसतो. एकटं जाऊ नये. आणि चोडणच्या पक्षी अभयारण्यासारख्या ठिकाणी वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय कांदळवनात शिरू नये, तिथून काही उचलू तर नयेच.

आधी गवत, मग गोगलगाय

समुद्री गवत म्हटलं की माहितीपटांतली गुडघाभर डुलणारी कुरणं डोळ्यांसमोर येतात. गोव्यात तसलं काही शोधत गेलात तर रिकाम्या हाताने परताल. मांडवीच्या खाडीत, कांदळवनाच्या पुढच्या चिखलाच्या पट्टीवर जे गवत उगवतं त्याचं नाव हॅलोफिला बेकारिआय. त्याचं पान सेंटिमीटरभर लांब आणि तांदळाच्या दाण्याहून फारसं रुंद नसतं. बारीक देठाच्या टोकाला अशा पाना-पानांचा झुबका. दुरून बघितलं तर चिखलावर हिरवट बुरशी धरल्यासारखं वाटतं. जगभरात ही वनस्पती धोक्यात असलेल्यांच्या यादीत 'असुरक्षित' या गटात मोडते, त्यामुळे आपण कुठे पाय ठेवतो याला इथे किंमत आहे. पट्टीच्या कडेने चाला. मधून आरपार जाऊ नका.

ते शेवाळ नसून गवतच आहे याची खात्री कशी करायची? गवताला खरी मुळं असतात, चिखलाखालून सरपटणारं खोड असतं, पानाला मधली शीर असते, त्याला फुलंही येतात. शेवाळाला सहसा यातलं काही नसतं. ते दगडाला नुसतं चिकटलेलं असतं. पान भिंगाखाली धरा, शीर दिसली की झालं. उपटून मुळं बघायची गरज नाही.

गवताची ही उंची ध्यानात ठेवण्यामागे एक कारण आहे, आणि त्यात माझी फजिती आहे. पहिल्या वर्षी मी काढलेला फोटो एका ओळख पटवणाऱ्या अ‍ॅपला दाखवला. त्याने लगेच नाव दिलं, फायलाप्लायसिया टेलराय. चित्र जुळत होतं: गवतावरचा लहान समुद्री ससा, अंगावर रेघा. मी ते नाव तसंच नोंदींच्या संकेतस्थळावर चढवलं आणि चार जणांना अभिमानाने कळवलंही. दोन दिवसांनी एका जाणकाराने विचारलं, तुमच्याकडे झोस्टेरा गवत उगवतं का? तो प्राणी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. झोस्टेराच्या लांब, फितीसारख्या पानावर तो चपटा होऊन चिकटतो. हिरव्या अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे पानातच विरघळतो. झोस्टेरा भारतात उगवतच नाही. शिवाय आपल्या नखाएवढ्या पानावर तीन सेंटिमीटरचा ससा चपटा होऊन लपणार कुठे? गवताकडे नीट पाहिलं असतं तर फोटो चढवायच्या आधीच हे सुचलं असतं.

प्राणी शोधू नका, त्याचं जेवण शोधा

हा खरा गुपिताचा भाग. स्टायलोकायलस गवत खात नाही. तो गवतावर, शेवाळावर, दगडांवर वाढणारं नीलहरित शैवाल खातो. त्यातलंही त्याचं आवडतं म्हणजे पुस्तकांत लिंगबिया माजुस्क्युला या नावाने सापडणारं. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्यातल्या बऱ्याच उष्ण समुद्रांतल्या प्रकारांना मूरेना हे नवं नाव दिलंय. नावाला शैवाल असलं तरी ते जिवाणू असतात.

ते दिसतं कसं? न्हाणीघराच्या जाळीत अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारखं. उपमा घाणेरडी आहे, पण एकदा ऐकली की विसरत नाही. तांबूस-काळपट किंवा गडद हिरवट-तपकिरी केस, प्रत्येक तंतू सुटा, फांद्या नाहीत, बोटाला बुळबुळीत. उन्हात त्यात हवेचे बुडबुडे धरतात आणि गुंता अर्धवट तरंगतो. असा गुंता दिसला की तिथेच बसा. पाच मिनिटं हलू नका, सावली पडू देऊ नका. गुंत्याचा एखादा भाग स्वतःहून सरकायला लागला तर तो ससा. एक सापडला की आजूबाजूला आणखी बघा. हे प्राणी पुष्कळदा घोळक्याने असतात.

हातमोजे इथे लागतात. या शैवालात अप्लिसियाटॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं असू शकतात. त्वचेला लागली तर खाज, पुरळ, फोड येतात. गंमत म्हणजे हे द्रव्य १९७४ साली प्रथम वेगळं केलं गेलं ते या सशाच्या शरीरातून, आणि त्याचा मूळ कारखाना शैवाल आहे हे नंतर उमगलं. ससा ते खातो, पचवतो आणि अंगात साठवतो. त्यामुळे गुंता हाताळल्यावर डोळे चोळू नका, आणि घरी नेऊन मुलांना दाखवायचा मोह टाळा.

मुळात ही समुद्री गोगलगाय आहे का

चिखलात बोटभर मऊ काही हललं की ते समुद्री ससाच असतं असं नाही. आपल्या खाड्यांमध्ये दोन तोतये फार.

पहिला ऑन्किडियम. कांदळवनाच्या चिखलावर, सुकतीला, पाण्याबाहेर हिंडणारी खरबरीत पाठीची, चिखलाच्याच रंगाची चपटी गोगलगाय. ही हवेत श्वास घेते. डोक्यावर दोनच दांड्या असतात आणि डोळे त्या दांड्यांच्या टोकाला. समुद्री सशाचे डोळे म्हणजे शिंगांच्या बुडाशी, कातडीवर बसलेले दोन काळे ठिपके. शिंगांच्या टोकाला कधीच नसतात. आणि समुद्री ससा पाण्याबाहेर आपणहून फिरत नाही. पाणी उतरलं तर तो पडून राहतो, जेलीसारखा मलूल होतो. तेव्हा चिखलावर ऐटीत चालत असलेलं काही दिसलं तर ते यादीतून काढा. नव्या माणसांच्या फोटोंत दहातले निम्मे तरी हेच असतात, हा माझा अंदाज, मोजणी नव्हे.

दुसरा तोतया चपटा कृमी. कागदासारखा पातळ, कडा लाटांसारख्या हलवत सरकतो. बाजूने बघा: त्याला जाडी नसते, पोटाखाली वेगळा पाय नसतो. गोगलगायीला अंगाखाली मांसल तळवा असतो आणि तो वरच्या अंगापासून वेगळा ओळखू येतो.

डोकं मोजा

आता प्राणी पारदर्शक डबीत घ्यायचा, पण हाताने उचलून नव्हे. डबी पाण्यात तिरकी बुडवा, पाण्यासकट त्याला आत सरकू द्या. ज्या डबक्यातला प्राणी त्याच डबक्यातलं पाणी. डबी सावलीत. पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. एकदा मी फोटोच्या नादात डबी उन्हात खडकावर विसरले होते. तळहातावर पाणी घेतलं तेव्हा ते चहाला ठेवल्यासारखं कोमट लागलं. आतला ससा परत सोडल्यावर उलटाच पडून राहिला. तेव्हापासून घड्याळ लावते.

डबीत तो एक-दोन मिनिटांत अंग मोकळं करतो आणि शिंगं बाहेर काढतो. मग डोक्यावर काय काय आहे ते मोजा.

शिंगं अजिबात नाहीत, डोकं म्हणजे चिखलात घुसवायचा सपाट फावडा आणि पाठीत पातळ, पारदर्शक बुडबुड्यासारखा शंख, तर तो हॅमिनियाच्या गटातला. चिखलाच्या पट्टीवर हे सापडतात.

शिंगांची एकच जोडी, पानाच्या सुरळीसारखी गुंडाळलेली, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना झालरी, बहुधा हिरव्या, तर ती एलिसिया. ही गवताच्या आसपास भेटू शकते आणि नवखे तिलाच ससा समजतात. एलिसिया शेवाळाच्या पेशी दातांनी भोसकून रस शोषते आणि त्यातले हिरवे कण स्वतःच्या अंगात जिवंत ठेवते. तिचा हिरवा रंग उसना असतो. झालरी उघडल्या की ती पानासारखी दिसते. तिच्यावर लेख लिहायचा झाला तर वेगळाच लिहावा लागेल.

दोन शिंगं भरीव आणि वळ्यावळ्यांची, पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचं फूल, किंवा पाठभर बोटांसारखे उंचवटे असतील तर ती न्युडिब्रँक, म्हणजे उघड्या कल्ल्यांची समुद्री गोगलगाय. रंगीत फोटोंमुळे सगळ्यांत प्रसिद्ध मंडळी हीच.

आणि दोन जोड्या असतील, तोंडाजवळ एक आडवी, रुंद, आणि त्यामागे एक उभी, सुरळीसारखी, तर तो समुद्री ससा. उभ्या जोडीला राइनोफोर म्हणतात. वासाचं काम तिच्याकडे. पाण्यातला वास हुंगत ती सारखी हलत असते, त्यामुळे फोटोत ती हमखास धूसर येते. धीर धरा, दहा फोटो काढा.

कोणता ससा

इथे थोडं रेंगाळू, कारण खरी गफलत इथेच होते.

अंगाच्या दोन बाजू बघा. अ‍ॅप्लिसिया या वंशात दोन्ही बाजूंना मोठ्या, सुट्या झालरी असतात, पाठीवर शालीसारख्या घेतलेल्या, आणि त्यांच्या आत कातडीखाली एक पातळ शंख दडलेला असतो. पिल्लं लहान असतात, पण झालरी तेव्हाही स्पष्ट. स्टायलोकायलसच्या झालरी मागे एकमेकींना जुळलेल्या असतात, त्यामुळे पाठीवर पिशवीच्या तोंडासारखी एक फट राहते, तिच्यातून पाणी आत-बाहेर होतं. पूर्ण वाढलेल्या प्राण्यात शंख नसतोच. पाठीवरची ही फट बघायची असेल तर वरून, डबीच्या मधोमध फोन धरून बघा. बाजूने ती दिसत नाही.

आता बांधा. स्टायलोकायलस लांबट, मधे थोडा फुगीर, आणि मागे सडपातळ शेपूट. चालताना शेपूट मागे लांब राहते. मुंगुसाचं अंग कसं शेपटीकडे निमुळतं होत जातं, काहीसं तसं. फोटोत शेपूट पूर्ण आली पाहिजे. अर्ध्याहून अधिक फोटोंत ती कापली जाते आणि मग ओळखणारा अडतो.

मग कातडी. भिंग लावा. अंगभर छोटे मऊ तुरे असतात, काही साधे, काही टोकाला फुटलेले, पुष्कळदा पांढरट टोकांचे. हे तुरे आखडतात. घाबरलेला प्राणी जवळपास गुळगुळीत दिसतो, म्हणून डबीत घेतल्या घेतल्या निर्णय करू नका.

या सगळ्यानंतर रंग. फिकट तपकिरी, मातकट, कधी हिरवट अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या बारीक, गडद तपकिरी रेघा. रेघा अंगाच्या लांबीने जातात, आडव्या कधीच नाहीत. त्यांच्या मधे विखुरलेले निळे ठिपके, प्रत्येकाभोवती नारिंगी कडं. ठिपका टाचणीच्या डोक्याहून लहान असतो. उन्हात त्याचा निळा रंग मोराच्या पिसातल्यासारखा चमकतो, ढगाळ हवेत साधा करडा दिसतो. काहींवर ठिपके भरपूर, काहींवर मोजके. रेघा मात्र असल्याच पाहिजेत.

इतकी काळजी घ्यायची ती त्याच्या चुलतभावामुळे, बर्सटेला लीचिआय. हाही समुद्री ससा, हाही नीलहरित शैवाल खातो, याच्याही अंगावर निळे ठिपके असतात, हाही चिखल आणि गवताच्या पट्टीत घोळक्याने सापडतो. पूर्ण वाढला की दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि मग प्रश्न उरत नाही: अंगभर लांब, फांदीदार तुरे लोंबतात, पावसात भिजलेलं लोकरी टोपडं चिखलात पडावं तसा दिसतो. पंचाईत होते ती याच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या पिल्लांनी. तेव्हा मी हे तीन प्रश्न विचारते. अंगाच्या लांबीने जाणाऱ्या रेघा आहेत का? बर्सटेलावर त्या नसतात, असतात ते डाग आणि ठिपके. शेपूट सडपातळ आणि लांब आहे की अंग गोळाबेरीज होऊन आखूड संपतंय? गोळाबेरीज असेल तर बर्सटेला. आणि तुरे: देठापासून फुटत जाणारे, झुडपासारखे आहेत की आखूड, टोकाशीच जरा फाटलेले? झुडूप म्हणजे बर्सटेला. तिन्हींची उत्तरं एका बाजूला पडली तर नाव लिहा. दोन एकीकडे आणि एक दुसरीकडे पडलं तर नाव लिहू नका.

पेटॅलिफेरा नावाचा आणखी एक गट आहे. चपटा, पानावर चिकटून बसणारा, तुरे कमी, अंग जवळजवळ गुळगुळीत. अंग गोल की चपटं एवढं बघितलं तरी तो बाजूला काढता येतो.

शाई आणि शेवया

डिवचलं की स्टायलोकायलस जांभळी शाई सोडतो. पण बर्सटेलाही सोडतो, अ‍ॅप्लिसियाच्याही बऱ्याच जाती सोडतात. म्हणजे शाईवरून एवढंच कळतं की हा समुद्री ससा आहे, आणि ते आपण शिंगं मोजून आधीच ठरवलेलं असतं. तेव्हा शाई बघायला म्हणून त्याला काडीने टोचणं निव्वळ छळ. व्हिडिओत ते छान दिसतं, म्हणून लोक करतात.

अंडी मात्र जरूर शोधा. गवताच्या झुबक्यात किंवा शैवालाच्या गुंत्यात फिकट पिवळसर, गुंतवळ झालेला दोरा दिसला तर तो समुद्री सशाच्या अंड्यांचा. साच्यातून नुकत्याच पाडलेल्या शिरवाळ्या जशा एकमेकींवर पडतात, तसा. न्युडिब्रँकची अंडी फितीसारखी, गोल वळसे घेत दगडाला उभी चिकटवलेली. एलिसियाची चपट्या वेटोळ्यात. दोरा कुणाचा हे प्रजातीपर्यंत सांगता येत नाही, पण कूळ कळतं आणि इथे प्रजनन चालू आहे ही नोंद होते. हे प्राणी उभयलिंगी असतात. एकामागे एक साखळी करून जुळलेले दिसले तर वेगळं काही नाही, ती त्यांची नेहमीची रीत.

फोटो

पहिला फोटो नेहमी जागेचा: प्राणी जिथे होता तिथला, उभ्या उभ्या. त्यात गवत, गुंता, चिखल सगळं यावं. मग प्राणी पाण्यातच असताना वरून एक, शेजारी पट्टी ठेवून. मग डबीतून डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, डोकं जवळून, पाठीवरची फट, कातडी, शेपटीचं टोक. फ्लॅश समोरून मारला की निळे ठिपके पांढरे फुटतात. त्याऐवजी छोटी विजेरी बाजूने धरा. डबीखाली एकदा पांढरा कागद, एकदा काळा बूट. काळ्यावर तुरे उठून दिसतात, पांढऱ्यावर रेघा.

लांबी मोजायची ती प्राणी चालत असताना, आखडलेला असताना नाही. त्याला पट्टीवर ताणून धरू नका.

झालं की डबी तिथेच बुडवून, त्याच गुंत्याजवळ त्याला बाहेर सरकू द्यावं. शेजारचं डबकं जास्त छान दिसत असलं तरी तिथे नाही. उन्हात तापलेल्या, आटलेल्या डबक्याचा खारटपणा आणि वाहत्या पाण्याचा खारटपणा यांत मोठा फरक असू शकतो.

नाव लिहिताना

जुन्या याद्या आणि पुस्तकं चाळलीत तर हाच प्राणी स्टायलोकायलस लाँगिकाउडा या नावाखाली सापडेल. गोंधळू नका. लाँगिकाउडा ही वेगळी प्रजाती आहे, १८२५ साली वर्णन केलेली. पिवळसर-हिरवी, आणि उघड्या समुद्रात तरंगणाऱ्या शेवाळावर राहणारी. कित्येक वर्षं दोघांची नावं एकमेकांत मिसळलेली होती. त्यामुळे जुनी नोंद वाचताना वर्णनात रेघा आणि निळे ठिपके आहेत का ते बघायचं, नावाच्या पाटीवर जायचं नाही. उलट बाजूने, २०२० साली जनुकांच्या अभ्यासातून निघालं की जगभर एकच समजला जाणारा स्ट्रायटस खरं तर तीन वेगवेगळ्या प्रजाती आहेत: अटलांटिकमधला पॉलिओमा, पूर्व प्रशांतातला रिकेट्साय, आणि हिंद-प्रशांत पट्ट्यात उरला तो स्ट्रायटस. आपल्या किनाऱ्यापुरतं नाव बदललं नाही, पण ब्राझील किंवा फ्लोरिडातल्या फोटोशी ताडून आपला प्राणी ओळखू नये हे त्यातून निघतं. आजचं मान्य नाव कोणतं ते समुद्री प्रजातींच्या जागतिक नोंदवहीत, वर्म्समध्ये, फुकट बघता येतं.

आयनॅचुरलिस्टसारख्या, निसर्गातल्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर नोंद चढवताना अ‍ॅप सुचवेल ते नाव डोळे मिटून घेऊ नका. खात्री असेल तिथपर्यंतच थांबा. रेघा, शेपूट, ठिपके सगळं दिसलं तर प्रजाती लिहा. रेघा दिसल्या पण फोटो धूसर, तर नुसता वंश. दोन जोड्या शिंगं एवढंच दिसलं तर 'समुद्री ससा' पुरे. वहीत तारीख, वेळ, सुकतीची उंची, पाण्याची खोली, गवत कोणतं, गुंता होता की नाही, किती प्राणी, लांबी मिलिमीटरमध्ये, अंडी होती का, हे सगळं तिथेच लिहायचं. घरी आल्यावर लिहीन म्हटलेल्या नोंदी मी कधीच लिहिलेल्या नाहीत.

गवताची नेमकी जागा जाहीर करू नका. नकाशावर जागा धूसर ठेवायची सोय असते, ती वापरा. या लेखातही मी माझ्या पट्टीचं नाव दिलेलं नाही ते विसरून नव्हे. ती पट्टी दोन बॅडमिंटन कोर्टांएवढी आहे; रविवारी वीस जणांचे बूट तिच्यावरून गेले तर पुढच्या रविवारी बघायला काही उरणार नाही.

पाणी वळलं की निघायचं. भरती चिखलावर गुपचूप येते, मागच्या बाजूने, आधी ओहळ भरत. खुबेवाल्या मावशी उठल्या की मीही उठते. गेल्या खेपेला त्यांनीच हाक मारून एक गुंता दाखवला, "तुजो सोसो थंय आसा" म्हणाल्या. सहा होते. चार स्टायलोकायलस, आणि दोघांपुढे वहीत अजून 'बर्सटेला?' असंच लिहिलेलं आहे.